निवृत्तीनंतरची नेमणूक : ज्येष्ठ मिशनरी दाम्पत्याचा एक आठवडा

मराठी घरांना विमानतळावरचा एक प्रसंग चांगलाच परिचयाचा आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघते, सामानाच्या ढकलगाडीभोवती सारे घर गोळा होते, आणि पाठमोरी आकृती काचेपलीकडे दिसेनाशी झाली की आईवडील जड पावलांनी परततात. अमेरिकेतील युटा राज्यात हाच प्रसंग अनेकदा उलट्या क्रमाने घडतो. तेथे बॅगा असतात त्या आजी-आजोबांच्या, आणि निरोप द्यायला मुले, सुना, जावई व नातवंडे आलेली असतात. साठी ओलांडलेले ते दोघे छातीवर लहानशी काळी नामपट्टी लावून दीड-दोन वर्षांसाठी एखाद्या अनोळखी देशात राहायला निघालेले असतात. तेथे त्यांना पगार नसतो; उलट खर्च त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून करायचा असतो.

‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे हे ज्येष्ठ मिशनरी होत. जग या पंथाला ‘मॉर्मन’ या नावाने ओळखते; मात्र २०१८ मध्ये पंथाचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते टोपणनाव टाळून पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. पुढे छळ आणि स्थलांतर यांच्या मालिकेतून गेलेले त्याचे अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. आज पंथाची सदस्यसंख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक असून मुख्यालय सॉल्ट लेक सिटी येथेच आहे.

पांढरा सदरा, टाय आणि पाठीवर पिशवी अशा वेषात जोडीने फिरणारे तरुण ही या पंथाची जगभर दिसणारी ओळख. हे तरुण दोन वर्षे व तरुणी दीड वर्ष प्रचारकार्य करतात. २०२४ च्या अखेरीस अशा पूर्णवेळ मिशनरींची संख्या सुमारे ७४ हजार होती आणि ते जगभरातील ४५० मिशनमध्ये विभागलेले होते. म्हणजे एका मिशनच्या वाट्याला सरासरी दीडशेहून अधिक तरुण येतात. बहुतेक जण अठरा ते एकवीस वर्षांचे, घरापासून प्रथमच इतके दूर राहणारे. त्यांना राहायला घर कोण शोधते, घरभाडे कोण भरते, ताप आला तर रुग्णालयात कोण नेते, या प्रश्नांच्या उत्तरात ज्येष्ठ दाम्पत्य उभे असते.

नेमणूक कशी होते

घरात अवलंबून असलेली मुले नसतील आणि प्रकृती धड असेल, तर दाम्पत्य या सेवेसाठी अर्ज करू शकते. वैद्यकीय तपासणी होते, स्थानिक धर्मप्रमुखाशी मुलाखत होते. कोणत्या प्रकारचे काम जमेल आणि कोणता प्रदेश आवडेल हे सांगण्याची मुभा ज्येष्ठांना असते. मात्र अंतिम नेमणूक मुख्यालयातून, अध्यक्षांच्या सहीनिशी येते. मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिन्यांची निवडता येते. निघण्यापूर्वी थोड्या दिवसांचे प्रशिक्षण होते. युटातील प्रोव्हो येथे त्यासाठी मोठे केंद्र आहे.

संबोधनाची एक गंमत येथे नोंदवायला हवी. इंग्रजीत ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा. पण या पंथात अठरा वर्षांच्या मिशनरी मुलालाही ‘एल्डर’ आणि मुलीला ‘सिस्टर’ असेच म्हटले जाते. त्यामुळे खऱ्या अर्थाने वडीलधारे असलेल्यांना वेगळे ओळखण्यासाठी ‘ज्येष्ठ’ हे विशेषण लावावे लागते.

नियमांतही फरक आहे. तरुण मिशनरी पहाटेपासून रात्रीपर्यंत आखून दिलेल्या वेळापत्रकाने बांधलेले असतात आणि जोडीदाराला सोडून एकटे कोठे जाऊ शकत नाहीत. ज्येष्ठांना असे वेळापत्रक नसते, दारोदार प्रचारही करायचा नसतो. त्यांचा ‘जोडीदार’ म्हणजे त्यांचा स्वतःचा पती किंवा पत्नी. काम कोणते, हे नेमणुकीवर ठरते.

असे एक दाम्पत्य डोळ्यांसमोर आणू. समजा, गृहस्थ हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. युटातील आपले घर धाकट्या मुलाच्या हवाली करून ते फिलिपाइन्समधील मनिला येथे मिशनच्या कार्यालयात रुजू झाले आहेत. फिलिपाइन्समध्ये या पंथाचे कार्य १९६१ मध्ये सुरू झाले. आज त्या देशात वीसहून अधिक मिशन आहेत. दमट हवा, मुसळधार पाऊस, भाताचे जेवण आणि जुन्या वसाहतीतून आलेला कॅथलिक धर्म या गोष्टी गोव्याच्या वाचकाला ओळखीच्या वाटतील. युटाच्या कोरड्या पठारावरून आलेल्या दोघांना मात्र सारेच नवे. कार्यालयात नेमलेल्या अशा दाम्पत्याचा आठवडा साधारणपणे पुढीलप्रमाणे जातो.

सोमवार : दूरध्वनीचा दिवस

तरुण मिशनरींना आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्यासाठी, बाजारहाटासाठी आणि घरी पत्र लिहिण्यासाठी मिळतो. बहुतेक ठिकाणी तो सोमवार असतो. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला घरी बोलण्याचीही परवानगी आहे. त्यापूर्वी वर्षातून मोजक्याच वेळी तशी संधी मिळे.

त्यांच्या सुटीचा दिवस हा कार्यालयाच्या धावपळीचा दिवस ठरतो. एकाच्या कार्डावर महिन्याच्या खर्चाची रक्कम जमा झालेली नाही, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, तिसऱ्याचे घरून आलेले पार्सल टपालात अडकले आहे. बाई वहीत एकेक तक्रार नोंदवत जातात. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळण्याची सवय येथे कामी येते. नळाची तक्रार करणाऱ्या मुलाचा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला आहे, हे त्यांना तक्रारीच्या आधी कळते. नळाची नोंद झाल्यावर त्या आणखी दोन-चार प्रश्न विचारतात. जेवलास का, झोप लागते का, जोडीदाराशी पटते का. काही मुले दोन वर्षे पूर्ण न करता घरी परततात. त्यामागे आजारपण असते, मनावरचा ताण असतो, कधी घरची ओढ असते. कोणते मूल त्या वाटेवर आहे, याची पहिली चाहूल अनेकदा अशा फोनवर लागते. ती मिशनच्या प्रमुखांपर्यंत पोहोचवणे हे नेमणूकपत्रात न लिहिलेले काम आहे.

मंगळवार : घरचा सोमवार

या पंथात सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. घरातील सर्वांनी एकत्र बसावे, प्रार्थना करावी, मुलांशी बोलावे, असा त्याचा हेतू. १९१५ पासून पंथ या प्रथेला उत्तेजन देत आला आहे. मनिलातील दाम्पत्याला ही संध्याकाळ मंगळवारी सकाळी गाठावी लागते. उन्हाळ्यात मनिला युटाच्या चौदा तास पुढे असते. येथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तेथे सोमवारचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात.

पडद्यावर नातवंडे एकामागून एक येतात. मोठी नात शाळेतली हकिकत सांगते. निघताना रांगणारा धाकटा नातू आता चालतो आहे. पण पडद्यातल्या आजीला तो आवाजावरून ओळखतो की नुसता हात हलवायला शिकला आहे, हे सांगणे कठीण असते. पाऊण तासाने फोन बंद होतो आणि दोघे कार्यालयात जातात.

गृहस्थांसमोर दीडशे जणांचा मासिक खर्च, पन्नास-साठ भाड्याच्या घरांचे करार, वीजबिले आणि वाहनांची देखभाल असते. अमेरिकेतील तरुण मिशनरीचे कुटुंब जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर भरते. ही रक्कम सर्वांसाठी सारखी असते आणि एकत्र निधीत जमा होते. टोकियोत राहणाऱ्याला अधिक आणि मनिलात राहणाऱ्याला कमी लागते, म्हणून वाटप त्या त्या ठिकाणच्या गरजेप्रमाणे होते. त्या वाटपाचा शेवटचा, अगदी पावतीपर्यंतचा हिशेब मिशन कार्यालयात लागतो. बँकेत किंवा कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे काम अवघड नाही. अवघड जाते ते फिलिपिनो घरमालकाशी अनामत रकमेवरून बोलताना योग्य शब्द सापडणे.

बुधवार : अदलाबदल

दर सहा आठवड्यांनी मिशनमध्ये बदल्या होतात. कोणी नव्या गावी जातो, कोणाला नवा जोडीदार मिळतो, नव्यांची तुकडी येते आणि मुदत संपलेल्यांची परत जाते. या कालखंडावरच सारे मिशन दिवस मोजते. अमुक एकाची ‘आठवी बदली’ चालू आहे असे म्हटले, की सुमारे एक वर्ष झाले असे समजायचे.

बदलीच्या बुधवारी दाम्पत्य पहाटेपासून उभे असते. विमानतळावर उतरलेल्या मुलांचे पारपत्र जपून ठेवायचे, फोटो काढायचे, घरी ‘पोहोचला’ असा निरोप धाडायचा, जेवू घालायचे. त्याच संध्याकाळी परतणाऱ्यांचे तिकीट, सामानाचे वजन आणि निरोपाचे जेवण. आलेल्यांचे चेहरे भेदरलेले असतात. निघालेल्यांना परत जायचे असते आणि जायचे नसतेही. मिशनच्या नकाशावरील नावांच्या चिठ्ठ्या रात्री नव्या जागी लागतात आणि प्रत्येकाचा पत्ता, दूरध्वनी व आपत्कालीन संपर्क पुन्हा तपासला जातो.

हे काम कारकुनी वाटते. त्याचे मोल फिलिपाइन्सने नोव्हेंबर २०१३ मध्ये पाहिले. हैयान नावाचे महाभयंकर चक्रीवादळ टॅक्लोबन शहरावर आदळले. सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वीज, दूरध्वनी, रस्ते सारे तुटले. टॅक्लोबन मिशनमध्ये त्या वेळी दोनशेहून अधिक मिशनरी होते आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे आईवडील बातमीची वाट पाहत होते. काही दिवसांनी प्रत्येकाचा ठावठिकाणा लागला, सर्व सुखरूप होते आणि त्यांना तेथून हलवण्यात आले. अशा घडीला कोणाचा शोध कोठे घ्यायचा, हे कार्यालयातल्या साध्या यादीवर अवलंबून असते. बदलीच्या रात्री उशिरापर्यंत बसून पत्ते तपासणाऱ्या हिशेबनिसाला त्या यादीची किंमत ठाऊक असते.

गुरुवार : घरांची पाहणी

मिशनरींची भाड्याची घरे ठरावीक काळाने तपासावी लागतात. कुलपे नीट आहेत का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, धूर झाल्यास इशारा देणारे यंत्र चालते का, पिण्याच्या पाण्याचा गाळणयंत्राचा संच बदलला आहे का, याची यादी असते. त्याशिवाय यादीत नसलेली पाहणीही होते. शीतकपाटात काय आहे, ताटे किती दिवसांची तुंबली आहेत, औषधाच्या गोळ्या संपल्या आहेत की तशाच पडून आहेत. एकोणीस वर्षांच्या दोन मुलांचे बिऱ्हाड जगात कोठेही साधारण सारखेच असते.

बाई सोबत घरी भाजलेली बिस्किटे नेतात. पाहणीची धास्ती त्यामुळे कमी होते. परतीच्या वाटेवर जीपनीच्या गर्दीत गाडी तासभर अडकते. निवृत्तीनंतर दिवसाचे चोवीस तास एकत्र, तेही एकाच कार्यालयात, एकाच गाडीत आणि दोन खोल्यांच्या घरात काढणे हा बहुतेक दाम्पत्यांसाठी नवा अनुभव असतो. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांना दिवसाचे आठ-दहा तास वेगळे मिळत होते. आता रस्ता चुकल्याचा राग काढायलाही समोर एकच माणूस असते, आणि समजूत काढायलाही तेच.

शुक्रवार : रुग्णालय

पावसाळ्यात मनिलात डेंग्यू असतो. पहाटे फोन येतो की अमक्या घरातल्या मुलीचा ताप उतरत नाही. रक्ततपासणी, प्लेटलेटची संख्या, सलाईन, विम्याची कागदपत्रे. डॉक्टर टागालोगमिश्रित इंग्रजीत बोलतात. मुलगी अमेरिकेची असेलच असे नाही. ती फिलिपाइन्सच्याच दुसऱ्या बेटावरची असू शकते, आणि तिच्या आईला मनिलाला येणे परवडणारे नसते. बाई तिच्या उशाशी बसून राहतात, आईला फोन लावून देतात. दोघींची भाषा एक नसते, तरी संभाषण चालते.

या खोलीत बाईंच्या मनात स्वतःच्या घरचे हिशेबही चालू असतात. युटात त्यांची आई नव्वदीच्या घरात आहे. तिच्या उशाशी या वेळी बहीण आहे. निघताना आईने जा म्हटले होते. पण परतल्यावर भेट होईल याची खात्री कोणीच कोणाला दिली नव्हती. घरात गंभीर प्रसंग उद्भवल्यास ज्येष्ठांना स्वखर्चाने काही दिवस जाऊन येण्याची मुभा असते. तरीही चौदा तासांचा वेळेचा फरक आणि महासागरापलीकडचा प्रवास यांवर नियमाची सूट पुरेशी ठरत नाही.

शनिवार आणि रविवार

शनिवार दोघांचा. धुणे, बाजार, आंबा आणि पपईच्या राशींत हरवणे. कधी मनिलातील पंथाच्या मंदिराला भेट. ते १९८४ पासून उभे आहे. या पंथात साप्ताहिक प्रार्थनेचे सभागृह वेगळे आणि मंदिर वेगळे. मंदिरात विवाहादी विशेष विधी होतात आणि तेथे केवळ पात्र ठरलेल्या सदस्यांनाच प्रवेश असतो. मंदिरात जोडलेले पती-पत्नीचे व आईबाप-मुलांचे नाते मृत्यूनंतरही टिकते, ही पंथाची मध्यवर्ती श्रद्धा आहे. कुटुंबाला इतके वरचे स्थान देणारा धर्म आजी-आजोबांना कुटुंबापासून दूर पाठवतो, हा विरोधाभास बाहेरच्या माणसाला चटकन जाणवतो. श्रद्धाळू दाम्पत्याचे उत्तर असे असते की जे नाते कायमचे आहे, त्यातले दीड वर्ष देता येते. ते उत्तर मनापासून असते. मंगळवारच्या फोननंतरची शांतताही तितकीच खरी असते.

रविवारी स्थानिक मंडळीसोबत दोन तासांची सभा. गोव्यात ‘बिशप’ म्हटले की धर्मप्रांताचा प्रमुख डोळ्यांसमोर येतो. येथे बिशप म्हणजे एका मंडळीपुरता बिनपगारी प्रमुख. आठवडाभर तो शिक्षक, दुकानदार किंवा वाहनचालक असतो. गावपातळीवर पगारी धर्मगुरू नसल्यामुळे प्रवचनापासून हिशेबापर्यंत सारे सदस्यच करतात. नव्या, लहान मंडळींना अनुभवी माणसांची वाण असते. बाई पेटी वाजवतात, कारण दुसऱ्या कोणाला स्वरलिपी वाचता येत नाही, आणि सभेनंतर एका मुलीला ती शिकवतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून वाचलेली रक्कम गरजूंसाठी द्यायची असते. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य असल्याने यजमानाच्या घरी कॉफी पुढे आली, तर नम्रपणे पाणी मागून घ्यायचे.

सारेच कार्यालयात नसतात

मिशन कार्यालय ही अनेक कामांपैकी एक. काही दाम्पत्ये मदतकार्याच्या प्रकल्पांवर जातात. नवजात अर्भकाचा श्वास सुरू करण्याचे प्रशिक्षण सुईणींना देणे, चाकांच्या खुर्च्या पुरवणे, पिण्याच्या पाण्याच्या योजना पाहणे ही त्यांची कामे. निवृत्त डॉक्टर व परिचारिका वैद्यकीय सल्लागार होतात, निवृत्त वकील कायदेशीर बाबी पाहतात. काही जण इलिनॉय राज्यातील नॉव्हू येथे, मिसिसिपीच्या काठी जपलेल्या जुन्या मॉर्मन गावात, पर्यटकांना एकोणिसाव्या शतकातील घरे दाखवतात.

वंशावळीच्या नोंदी जपणे हे आणखी एक मोठे क्षेत्र. पूर्वजांसाठीही मंदिरात विधी करता येतात या श्रद्धेतून पंथाने १८९४ मध्ये वंशावळ संस्था स्थापन केली आणि १९३८ पासून जगभरातील दप्तरांचे सूक्ष्मचित्रण सुरू केले. सॉल्ट लेकजवळच्या डोंगरात ग्रॅनाइटच्या पोटात हा साठा ठेवलेला आहे. त्या साऱ्या चित्रफितींचे संगणकीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण या संस्थेने केलेले आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या पणजोबांची सही शोधलेल्या मराठी माणसाला या कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एखाद्या परगावच्या दप्तरखान्यात दिवसभर पाने उलटून कॅमेऱ्याचे बटण दाबणारे दाम्पत्यही ‘मिशनरी’च असते.

खर्च कोणाचा

तरुणांसाठी समान रकमेची व्यवस्था आहे, तशी ज्येष्ठांसाठी नाही. प्रवास, जेवण, घरभाडे, औषधे हा भार मुख्यतः त्यांच्यावरच असतो. हा खर्च अनेकांना झेपत नाही हे दिसल्यावर २०११ मध्ये पंथाने सेवेची मुदत लवचिक केली आणि घरभाड्याच्या मासिक भारावर १,४०० डॉलरची मर्यादा घातली. आरोग्याचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांना मिळणारे मेडिकेअरचे सरकारी संरक्षण देशाबाहेर सहसा लागू होत नाही, म्हणून परदेशी जाणाऱ्यांना स्वतंत्र आरोग्यविमा घ्यावा लागतो.

यावर टीकाही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने पंथाच्या गुंतवणूक कंपनीला ४० लाख डॉलर आणि पंथाला १० लाख डॉलर दंड केला. वेगवेगळ्या कागदी कंपन्यांच्या नावे विवरणपत्रे भरून गुंतवणुकीचा आकार झाकला, असा ठपका होता. ती गुंतवणूक २०१८ पर्यंत सुमारे ३२ अब्ज डॉलरवर गेली होती. इतक्या संपन्न संस्थेने निवृत्तांकडून फुकट काम घ्यावे आणि वर खर्चही त्यांनाच सोसायला लावावा, हे कितपत योग्य, असा प्रश्न पंथाच्या आतूनही विचारला जातो. पंथाच्या दृष्टीने ही सेवा म्हणजे त्याग आहे, आणि पदरमोड हा त्या त्यागाचाच भाग. ज्यांना तो परवडत नाही, त्यांनी घरी राहून आठवड्यातील काही तास द्यावेत अशीही सोय आहे. हजारो ज्येष्ठ तो मार्ग निवडतात.

आपल्या अंगणातले धागे

गोव्यात आणि महाराष्ट्रात ‘मिशनरी’ हा शब्द कोरा नाही. त्यात इन्क्विझिशनची आठवण आहे आणि १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चीही. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन आहे आणि १८९४ मध्ये उभे राहिलेले मिरजेचे रुग्णालयही. धर्मांतराच्या प्रश्नावर आजही समाजात तीव्र मतभेद आहेत. ज्येष्ठ दाम्पत्य स्वतः दारोदार फिरत नसले, तरी ज्या यंत्रणेचे हिशेब ते ठेवतात तिचा हेतू धर्मप्रसारच आहे, हे विसरून त्यांच्या कामाकडे पाहता येणार नाही.

या पंथाचा मराठी मुलुखाशी संबंधही बराच जुना आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यातही राहिले. मात्र ते कार्य काही वर्षांतच थांबले. आज बंगळूरू येथे १९९३ पासून मिशन आहे आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथे मंदिराचे काम सुरू झाले.

त्या काळचे मिशनरी तरुण येत आणि अनेकदा येथील मातीतच विसावत. आजचे ज्येष्ठ दाम्पत्य परतीचे तिकीट घेऊन निघते. त्याची तुलना आपल्या परंपरेत करायची, तर ती वानप्रस्थाशी करावी लागेल. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचे अपत्य दिसले की गृहस्थाने वनाकडे निघावे, पत्नीला हवे तर सोबत न्यावे, असे मनुस्मृती सांगते. एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारी येथे उभारलेल्या विवेकानंद केंद्रातही निवृत्तीनंतर सेवेला येणाऱ्या कार्यकर्त्यांना ‘वानप्रस्थी’ म्हणतात. वानप्रस्थात नातवंडाचे तोंड पाहणे ही निघण्याची खूण होती. मनिलातल्या आजीला तेच सर्वांत जड जाते. आणि वनात गेलेल्याला दर मंगळवारी नातू पडद्यावर दिसत नसे.

मराठी वाचकासाठी या आठवड्यातला विचार करण्याजोगा भाग कदाचित हाच आहे. मुले परदेशी गेल्यावर रिकाम्या झालेल्या आपल्या घरांत हिशेब जाणणारे, मुले सांभाळलेले, रुग्णालयाची पायरी न घाबरता चढणारे हात पुष्कळ आहेत. त्यांना काम देणारी यंत्रणा तुरळक आहे. धर्म कोणताही असो, ‘तुमची येथे गरज आहे’ असे पत्र सत्तरीच्या उंबरठ्यावर यावे, याचे मोल निवृत्त माणसाला कळते. त्या पत्राची किंमत घरी कोणीतरी मोजत असते, हेही त्याला कळते.

मुदत संपली की दाम्पत्य परतते. ज्या स्थानिक प्रमुखाने निरोप दिला, तोच त्यांना सेवेतून मुक्त करतो आणि त्या क्षणापासून काळी नामपट्टी लावायची नसते. बंद खोल्यांच्या खिडक्या उघडल्या जातात. धाकट्या मुलाने हलवलेले सामान जागेवर येते. नातू दारात उभा असतो. तो दीड वर्षात हातभर वाढला आहे, आणि पडद्याबाहेरच्या या आजीजवळ जायचे की आईमागे लपायचे, हे त्याचे अजून ठरलेले नसते.